कोर्ट नाक्यावरची माझी केस

फुकटातला वकील मन लावून काम करत नाही, असं मला आधी मामांनी सांगितलं, मग शेजारच्या वहिनींनी, आणि पुढे कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका अनोळखी बाईंनीसुद्धा. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. वकील म्हटला की पैसा, आणि पैसा नाही तर काम नाही, हेच सगळ्यांनी आजवर ऐकलेलं. हे लिहायला बसले ते त्याच समजुतीला उत्तर म्हणून. माझी कौटुंबिक हिंसाचाराची केस ठाण्याच्या कोर्टात उभी राहिली ती एका वकील मॅडममुळे. त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही आणि एकही तारीख चुकवली नाही. त्यांचं नाव इथे देत नाही, माझंही नाही. केस अजून चालू आहे.

माझं सासर कळव्याला. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर. माहेर लोकमान्यनगरला, एक खोली आणि मोरी, तिथे आई एकटी राहते. वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत मी अकाउंट्सचं काम करायचे. पगार माझ्या खात्यात जमा व्हायचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असायचं. मारहाणीबद्दल इथे फार लिहिणार नाही. जिने सोसलंय तिला सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना तेवढंच वाचायची सवय लागलेली आहे. एका रात्री मुलीला घेऊन आईकडे आले. दुसऱ्या दिवशी एका चौकीत गेले तर तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तेवढी करून घेतली आणि ‘घरगुती मामला आहे, जरा समजुतीनं घ्या’ असं सांगून पाठवून दिलं. अशी बाई समोर आली की तिला संरक्षण अधिकाऱ्याबद्दल (अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारनं नेमलेला अधिकारी) आणि मोफत कायदेशीर मदतीच्या हक्काबद्दल सांगणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं पोलिसांचं कर्तव्य ठरवलेलं आहे. मला ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मॅडम भेटल्या तेव्हा कळलं.

त्या भेटल्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. महिला मंडळाच्या बायकांनी त्यांना शनिवारी संध्याकाळी सल्ला द्यायला बोलावलं होतं. आई मला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. मला वाटलं होतं, त्या विचारतील काय झालं, कधी झालं, कुणी मारलं. त्यांनी आधी विचारलं, ‘आज रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात?’ मग, ‘तो तिथे येऊ शकतो का? शेजारी कोण आहे, हाक मारली तर येईल असं?’ मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून, ‘हा फोन कुणी घेऊन दिला? याचा पासवर्ड त्याला माहीत आहे?’ माहीत होता. त्या दिवसापासून त्यांचे सगळे निरोप आईच्या फोनवर यायला लागले. मुलीच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटा आणि मुलीला न्यायला आजी किंवा मी येईन, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊ नका असं लेखी द्या, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला, पासबुक, लग्नाचं प्रमाणपत्र यातलं काय माझ्याकडे आहे आणि काय कळव्यालाच राहिलंय, हे कागदावर मांडून घेतलं. कायद्याचं बोलणं त्यानंतर सुरू झालं.

तेव्हा त्यांनी माझ्यापुढे दोन रस्ते ठेवले. एक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती आहे हे बघितलं जात नाही, कारण स्त्रिया आणि मुलांना ती अट नाही. मी नोकरी करत होते म्हणून मला वाटायचं की आपल्याला हे लागू नसेल. तसं नव्हतं. तिथे पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला वकील नेमून मिळतो, त्याचं मानधन प्राधिकरण देतं, पक्षकारानं काही द्यायचं नसतं. दुसरा रस्ता म्हणजे मॅडमनी स्वतः केस घेणं. केंद्र सरकारच्या न्याय विभागाची ‘न्याय बंधू’ नावाची योजना २०१७ पासून आहे, तिच्यात वकील आपणहून नाव नोंदवतात आणि काही केसेस बिनमोबदला लढवतात. मॅडम त्यातल्या. ‘दोन्हीकडे तुमचा हक्क सारखाच आहे. विचार करून सांगा, घाई नाही,’ असं म्हणाल्या. कितीतरी वर्षांत माझ्या बाबतीतलं काही मला विचारून ठरलं नव्हतं. मी त्यांनाच वकालतनामा दिला.

यानंतरचं काम मला सगळ्यात जास्त आठवतं, आणि ते कोर्टात नाही झालं. मॅडमनी मला शंभर पानी वही आणायला सांगितली. ‘पहिल्या पानावर लग्नाची तारीख लिहा. मग आठवेल तसं लिहा. तारीख आठवत नसेल तर सण आठवा, मुलीचं वय आठवा, त्या दिवशी घरी कोण पाहुणे होते ते आठवा.’ मी पहिल्यांदा लिहून नेलं ते असं होतं: तो नेहमी मारायचा, नेहमी शिव्या द्यायचा, सासूबाई नेहमी टोमणे मारायच्या. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, ‘नेहमी म्हटलं की कोर्टाला एकही दिवस दिसत नाही. मला एक दिवस द्या.’ मग आम्ही एकेक दिवस काढत बसलो. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी बोटाला लागलं होतं, तेव्हा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेले होते, तर केसपेपर असेल. दिवाळीच्या बोनसचे पैसे त्याच दिवशी काढले गेले, तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतील. मंगळसूत्र गहाण पडलं तेव्हा पावती माझ्या पर्समध्ये राहिली होती. मला जे सगळं एका गोळ्यासारखं छातीत बसल्यासारखं वाटायचं, त्याचे दिवस झाले, दिवसांचे कागद झाले. लिहिताना मी पुष्कळ रडले. त्या थांबायच्या, पाणी द्यायच्या, आणि पुन्हा विचारायच्या, ‘मग त्यानंतर?’

पैसे काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, दागिने विकून टाकणं हीसुद्धा हिंसा आहे, आणि कायद्यात तिला आर्थिक हिंसा असं स्वतंत्र नाव आहे, हे मला त्या वहीच्या निमित्तानं समजलं. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे प्रकार त्या कायद्यात सांगितले आहेत. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं शेवटच्या प्रकाराची निघाली. अंगावर वळ नाहीत म्हणून आपलं काही ‘तितकं’ नाही असं समजून गप्प बसणाऱ्या बायका मी आजूबाजूला बघते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

व्हॉट्सअॅपवरच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट मी काढून ठेवले होते. मॅडम म्हणाल्या, स्क्रीनशॉट राहू द्या, पण मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते त्यांनी तयार केलं आणि कशासाठी ते मला समजावून सांगितलं.

अर्ज त्यांनी मराठीत लिहिला. आमच्या कोर्टात इंग्रजी अर्जही भरपूर येतात, पण सही मी करणार तर प्रत्येक ओळ मला वाचता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मामांचं म्हणणं होतं की दिराचंही नाव घाला, त्यानं हात धरला असं लिहा, म्हणजे केस मजबूत होईल. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, असं झालं होतं का? नव्हतं. ‘मग नाही लिहायचं. उलटतपासणीत एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.’ मामांना राग आला. मला मात्र तेव्हा त्यांच्याबद्दल खात्री वाटली.

संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन कौटुंबिक घटनेचा अहवाल भरला, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात. त्याशिवायही अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो, पण असलेला बरा, असं मॅडमचं मत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात दाखल झाला. आम्ही राहतो तिथल्या कोर्टात, म्हणजे मी तात्पुरती जरी आईकडे राहत असले तरी तिथल्या हद्दीत, अर्ज करता येतो. सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. रत्नागिरीला सासर असलेली एक मैत्रीण केवळ या भीतीनं गप्प बसली होती, तिला मी हे लगेच फोन करून सांगितलं.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात असं होत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी हे न लपवता सांगितलं, आणि म्हणूनच अंतरिम आदेशावर सगळा जोर द्यायचा असं ठरवलं. कलम २३ खाली, धोका आहे असं प्रतिज्ञापत्रावरून दिसलं तर समोरचा माणूस हजर नसतानाही कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. मला तो मिळाला: माझ्या कामाच्या जागी, मुलीच्या शाळेत आणि आईच्या घराजवळ यायचं नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत. असा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मॅडमनी आदेशाच्या प्रती काढून एक जवळच्या पोलीस ठाण्यात दिली आणि पोच घेतली, एक शाळेत द्यायला लावली, एक माझ्या पर्समध्ये. कागद नुसता फायलीत राहिला तर त्याचा उपयोग नाही, हे त्यांनी हातानं करून दाखवलं.

मग नोटीस बजावण्यात वेळ गेला. नवरा घरी नाही, पत्ता बदलला, असं चालू राहिलं. तारखा पडत गेल्या. ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा क्रमांक टाकून पुढची तारीख स्वतः कशी बघायची हे मॅडमनी शिकवलं. त्यामुळे दरवेळी त्यांना फोन करावा लागायचा नाही, आणि आपल्या केसचं आपल्याला कळतंय याचा धीर यायचा. कॉरिडॉरमधल्या बाकावर पुकाऱ्याची वाट बघत बसणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वात थकवणारं काम आहे. समोर नवऱ्याकडची माणसं उभी राहून बघत असतात. मॅडम दुसऱ्या कोर्टात असल्या तर त्यांची ज्युनिअर मुलगी माझ्या शेजारी येऊन बसायची. तिला बोलण्यासारखं काही नसायचं, पण ती मधे बसायची.

पोटगीचा प्रश्न आला तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, मला नोकरी नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ठरवून दिलं आहे की पोटगीच्या केसमध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. माझं प्रतिज्ञापत्र भरताना मॅडमनी रिक्षाभाडं, मुलीची औषधं, शाळेची व्हॅन, आईला दिलेले किराणाचे पैसे, सगळं लिहायला लावलं. माझा पगारही लपवायचा नाही, म्हणाल्या. त्याच्या प्रतिज्ञापत्रात ‘उत्पन्न नाही’ होतं, पण गाडीचा हप्ता दर महिन्याला फिटत होता. मॅडमनी कोर्टाला विनंती करून बँकेचं स्टेटमेंट मागवलं. त्यात कंपनीचा पगार दिसला. अकाउंट्सचं काम करणारी मी, तरी नोंदींमधून माणूस कसा सापडतो हे तेव्हा मला नव्यानं दिसलं. मला आणि मुलीला मिळून दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली, अर्जाच्या तारखेपासून.

घराचा प्रश्न वेगळा होता. सासरे म्हणाले, फ्लॅट माझा, सुनेचा काय संबंध. याही बाबतीत ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. म्हणजे मी कळव्याला परत जायचा हक्क मागू शकत होते. नाहीतर कलम १९ खाली राहण्याची दुसरी सोय किंवा तिचं भाडं मागता येत होतं. मॅडमनी दोन्हींचे परिणाम सांगितले आणि निर्णय माझ्यावर सोडला. आई म्हणत होती, हक्क सोडू नकोस, जाऊन राहा. मी भाडं मागितलं. त्या घरातल्या मोरीत पुन्हा उभं राहायची माझी तयारी नव्हती. मॅडमनी एका शब्दानं मला दुसरीकडे ढकललं नाही. समेटाची बोलणी निघाली तेव्हाही तसंच. ‘बसायचं की नाही तुम्ही ठरवा, बसलात तर मी शेजारी असेन आणि समजल्याशिवाय कशावरही सही होणार नाही.’ मी बसले नाही.

पोटगी मंजूर झाली आणि हातात येईना. हा टप्पा पुष्कळ बायकांच्या वाट्याला येतो आणि पुष्कळजणी इथे दमून सोडून देतात. मॅडमनी कलम २०(६) वापरलं. त्यात नवऱ्याच्या मालकाला थेट आदेश देता येतो की त्याच्या पगारातून रक्कम कापून बायकोच्या खात्यात भरा. नोकरी नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पगारातून आता दर महिन्याला पैसे येतात. दरम्यान नवऱ्याकडच्यांनी सत्र न्यायालयात अपील केलं होतं, ते फेटाळलं गेलं.

मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही हे का करता. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे फी देणारे पक्षकार आहेत, जमिनीचे, सोसायट्यांचे, त्यावर माझं घर चालतं. पण वकिली शिकले तेव्हा हे काम डोळ्यांपुढे होतं.’ यापेक्षा जास्त बोलल्या नाहीत. मी रात्री झोपत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः समुपदेशकाचं काम करायला घेतलं नाही, पोलिसांसोबत काम करणाऱ्या महिला व मुलांच्या विशेष कक्षातल्या समाजसेविकेकडे मला पाठवलं. हे कक्ष मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं सुरू केले आणि आज राज्यभर आहेत. आपलं काम कुठे संपतं हे माहीत असणारी माणसं मला त्या काळात फार थोडी भेटली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसतं. बहुतेकींनी तर कुणाला सांगितलंही नव्हतं. मला सांगायचंय ते त्या न सांगणाऱ्यांना. वकील ही शेवटची पायरी समजू नका. सासरी परत पाठवताना लिहून घेतात ते समजूतपत्र, दागिन्यांची यादी, घटस्फोटाचा मसुदा, यातल्या कशावरही सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. पैसे नसले तरी दाखवा. आणि हेही मला ठामपणे वाटतं की हे सगळं मॅडमसारख्या थोड्या लोकांच्या मनाच्या मोठेपणावर चालणं बरोबर नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे कामाचा ढीग असतो, पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन तुटपुंजं असतं, आणि एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचं भाडं, सुट्टी, मुलांना सांभाळायला कोण, हा खर्च कुणीच धरत नाही. तो धरला पाहिजे.

माझी केस आता पुरावा नोंदवायच्या टप्प्यावर आहे. पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी सुरू होईल. मॅडमनी तयारी करून घेतली: विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, समोरच्या वकिलाकडे नाही तर न्यायाधीशांकडे बघून बोलायचं, घाई करायची नाही, पाणी मागायला लाजायचं नाही. वही मी पुन्हा वाचून काढते आहे.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाला गरज असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१०० आहे, महिला हेल्पलाइन १८१, आणि जीवाला धोका असेल तर ११२. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. जाताना जे कागद हाताशी असतील ते न्या, नसतील तर तसेच जा. फोन शक्यतो आईच्या, बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या मोबाइलवरून करा, आणि केल्यावर तो नंबर कॉलच्या यादीतून काढून टाका.